मंडईच्या रात्री गर्दी का उसळते, आणि बाउन्सर आणण्याआधी काय करावं

भंडारा जिल्ह्यातल्या एका मंडळाच्या कार्यकर्त्यानं विचारलं आहे की, गेल्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या गावच्या जत्रेला, त्यांनी नाटकाऐवजी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा ठेवला. प्रवेश फुकट, माणसं अंदाजे तीन हजार. पोट्टे खुर्च्यांवर उभे राहिले, स्टेजपुढची बल्ली मोडली, शिट्ट्या आणि आरडाओरड इतकी झाली की बायका-लेकरं अर्ध्यातून उठून गेली. गायिकेनं पाऊण तासात कार्यक्रम थांबवला. त्यांचे प्रश्न दोन आहेत. यंदा बाउन्सर किती आणायचे? आणि आपल्या गावच्या लोकांना कार्यक्रम पाहायची रीतच नाही का?

भाऊ, मी ब्रह्मपुरीकडचा. मंडप, बिछायत आणि साउंडचं काम सत्तावीस वर्षं करतो आहे. नाटकं, भजन स्पर्धा, कव्वाली, ऑर्केस्ट्रा, सगळ्याला खांब गाडले आणि सगळ्या प्रकारची गर्दी स्टेजच्या कडेला उभं राहून पाहिली. तेवढ्या अनुभवावर लिहितो.

आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो. त्याचं उत्तर चुकलं की पुढचा सगळा पैसा चुकीच्या जागी जातो. आपल्या लोकांना रीत नाही, हे मला अजिबात मान्य नाही. दिवाळी ते होळी वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, लाखांदूर, साकोली, अर्जुनी मोरगाव या पट्ट्यात रात्र रात्र नाटकं चालतात. हजारो माणसं तिकीट काढून येतात, चादर पांघरून पहाटेपर्यंत थंडीत बसतात. त्यात म्हातारे असतात, तान्ही लेकरं मांडीवर घेतलेल्या बाया असतात. हसायच्या जागी मंडप हसतो आणि रडायच्या जागी मागच्या रांगेतलं मुसमुसणं मला साउंडच्या टेबलावर ऐकू येतं. याच नाटकांच्या, म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीच्या, कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मला वाटलं की रात्रभर समोर बसणाऱ्या प्रेक्षकांचाही त्या मानात वाटा आहे.

आणि अमरावतीकडची मोझरी पाहा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला तिथल्या त्यांच्या गुरुकुंज आश्रमात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. मी त्या मैदानात उभा राहिलो आहे. नजर पोचेल तिथवर माणसं, आणि एखादं लेकरू रडलं तर ते दूरवर ऐकू येतं. तिथं उभा असलेला माणूस आणि तुमच्या मंडईत खुर्चीवर चढलेला माणूस एकाच मातीतले आहेत. कधी कधी तर एकाच घरातले. मग तिथं बसणारा इथं का उसळला, हा खरा प्रश्न आहे.

तुम्ही लिहिलं नाही, पण अंदाज सांगतो. जाहिरातीत वेळ सातची होती आणि पहिलं गाणं नऊ-साडेनऊला सुरू झालं. मधल्या वेळात पाहुण्यांची वाट पाहणं, मग दीपप्रज्वलन, हार, शाल-श्रीफळ, मनोगतं. पुढे पाहुण्यांसाठी सोफ्यांच्या दोन-तीन रांगा, त्यातल्या निम्म्या रिकाम्या. आवाजाचे सगळे डबे स्टेजच्या दोन बाजूंना. यायला-जायला एकच कमान. यातलं निम्मं जरी जुळत असेल तरी गेल्या वर्षी काय झालं ते मी तिथं नसताना सांगू शकतो. मागच्याला दिसत नव्हतं आणि ऐकू येत नव्हतं, म्हणून तो पुढे आला. पुढच्याला मागून रेटा आला, म्हणून तो उभा राहिला. तो उभा राहिल्यावर त्याच्या मागच्याला खुर्चीवर चढण्यावाचून मार्ग राहिला नाही. शिट्टी मारायला त्यानंतर सुरुवात झाली असेल. बाउन्सर या साखळीच्या शेवटच्या कडीवर काम करतो. पहिली कडी तशीच राहते.

आता यात परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही आधीच सांगतो. मी जे लिहितो आहे ते दोन ते चार हजार माणसांच्या, बसून पाहायच्या कार्यक्रमाचं आहे. तिकीट असेल तर गोष्ट सोपी होते, कारण किती माणसं येणार हे तुमच्या हातात राहतं. फुकट असेल आणि गायिका टीव्हीवर दिसलेली असेल, तर पंचक्रोशी लोटते आणि तुमचा तीन हजारांचा आकडा सहावर जाऊ शकतो. मैदान शाळेचं सपाट आहे, की आठवडी बाजाराची जागा आहे, की कापणी झालेल्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, आहेत, यावरही बरंच ठरतं. डीजेपुढे नाचायचाच कार्यक्रम असेल तर हे सगळं गणित वेगळं. आणि दहा हजारांच्या वरचा अंदाज असेल तर माझ्यासारख्या मंडपवाल्यावर विसंबू नका, पोलिसांना सोबत बसवून कागदावर आराखडा करा.

माझ्या मते सुरुवात आवाजापासून करावी, कारण त्याकडे कुणीच गर्दीचा विषय म्हणून पाहत नाही. मोकळ्या मैदानात साध्या स्पीकरपासून अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. स्टेजपासून चार मीटरवर बसलेल्याला जे ऐकू येतं, त्यापेक्षा बत्तीस मीटरवरच्याला १८ डेसिबल कमी. मागच्यांसाठी म्हणून साउंडवाला आवाज वाढवतो, तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे कान बसतात आणि मागच्याला तरी शब्द कळतच नाहीत, नुसता ढणढणाट पोचतो. शब्द कळले नाहीत की माणूस शेजाऱ्याशी बोलायला लागतो. पाचशे माणसं शेजाऱ्याशी बोलली की तो गोंगाट होतो, आणि तुम्हाला वाटतं लोक असभ्य आहेत.

उपाय महागडा नाही. स्टेजचा आवाज कमी ठेवायचा आणि मैदानाच्या मध्यावर दोन बाजूंना खांबांवर आणखी दोन डबे लावायचे, तोंड मागच्या लोकांकडे. फक्त त्यांना डिले द्यायला साउंडवाल्याला बजावा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवरच्या डब्याला सेकंदाचा दहावा भाग उशीर द्यावा लागतो. तो दिला नाही तर मागच्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि त्रास उलट वाढतो. आजकालच्या साध्या डिजिटल मिक्सरवर हे दोन मिनिटांचं काम आहे. ज्या साउंडवाल्याला डिले म्हणजे काय ते माहीत नाही, त्याला काम देऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

दिसण्याचं आपल्या बापजाद्यांनी आधीच सोडवून ठेवलं आहे. नाटकासाठी बऱ्याच गावांत प्रेक्षकांची जागा स्टेजकडे उतरती करून घेतात, म्हणजे मागच्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून जाते. एका रात्रीच्या ऑर्केस्ट्र्यासाठी खोदकाम करणं परवडत नसेल, तर स्टेज बसणाऱ्यांसाठी चार-साडेचार फूट उंच घ्या आणि बसण्याची रचना अशी करा की सगळ्यात पुढे जमिनीवर बिछायत, त्यामागे खुर्च्या, आणि उभे राहणारे सगळ्यात शेवटी, शक्यतो थोड्या उंचवट्यावर. लेकरं आणि बाया पुढे बिछायतीवर असल्या की पोट्ट्यांना पुढे घुसायला जागाच उरत नाही. घुसले तरी स्वतःच्या आजीच्या, काकूच्या अंगावर पाय देऊन नाचण्याची हिंमत गावात फार थोड्यांची होते. पुढच्या सोफ्यांच्या रांगा काढा. पाहुण्यांना बाजूला वेगळी बैठक द्या. रिकामा सोफा दोन तास डोळ्यांसमोर ठेवायचा आणि मागच्या माणसानं मातीत उभं राहायचं, यात आपण त्याचा अपमान करतो, आणि तो त्याला बरोबर कळतो.

वेळेचं मात्र कडक बोलणार आहे. ताटकळलेली गर्दी वेगळी असते. सातला बोलावलेला माणूस नऊपर्यंत काय करतो? पानठेल्यावर जातो, एखादा गावाबाहेर जाऊन पिऊन येतो. कुणी चिडतो, आणि पाहुणे मंडळी हार घेऊन बोलायला लागली की पहिली शिट्टी तिथं वाजते. पुढच्या साऱ्या शिट्ट्या त्या पहिल्या शिट्टीच्या लेकी असतात. शिवाय कायदा आहेच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बारापर्यंतची सूट वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देता येते आणि तुमचा दिवस त्यात आहे की नाही ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आदेशावरून कळतं. साडेनऊला सुरू झालेला कार्यक्रम दहाला बंद करायची पाळी आली, तर त्या वेळी मैदानात जो संताप होतो त्याला कोणताच बाउन्सर पुरत नाही.

मी आता मंडळांना स्पष्ट सांगतो: सत्कार सकाळी ग्रामपंचायतीत करा, नाहीतर मध्यंतरात दहा मिनिटांत आटपा. धान कापणीचे दिवस असतात, बाया शेतावरून येऊन स्वयंपाक करून निघतात, म्हणून सातला मैदान भरत नाही हे खरं आहे. मग जाहिरातीतच साडेसात लिहा, आणि साडेसातला पहिलं गाणं वाजू द्या, समोर शंभर माणसं असली तरी. एक वर्ष लोकांचं पहिलं गाणं चुकेल. दुसऱ्या वर्षी ते वेळेवर येतील. उशीर होणारच असेल तर माइकवरून खरं कारण आणि खरी वेळ सांगा. "थोड्याच वेळात" हे शब्द मी माझ्या निवेदकांना वर्ज्य केले आहेत.

आता वाटांचं. इथं मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण इथली चूक खुर्च्यांवर भागत नाही, जिवावर येते.

२०१२ च्या हिवाळ्यात आमच्या पट्ट्यातल्याच एका गावात माझा मंडप होता. मोकळ्या बांध्यांवर मैदान केलेलं. चारही बाजूंनी कनात, एक दहा फुटी कमान. फुकटे येऊ नयेत म्हणून मंडळानं सांगितलं आणि मी कनात खालून-वरून तारेनं घट्ट आवळली. साडेदहाच्या सुमारास लाइन गेली. जनरेटर होता, पण तो चालवणारा पोरगा पुढे गाणी ऐकत बसला होता. तीन-चार मिनिटं काळोख. कुणीतरी ओरडलं, तार तुटली. सगळी माणसं एकाच कमानीकडे वळली. कमानीच्या अलीकडे धुरा, म्हणजे शेताचा बांध, होता, दीड फूट उंचीचा. मी दिवसा तो दहा वेळा ओलांडला होता आणि मला तो दिसलाच नव्हता. पहिली माणसं त्याला अडखळून पडली, त्यांच्यावर पुढची. एका म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं. सात-आठ वर्षांच्या एका मुलीला आम्ही माणसांच्या खालून ओढून काढलं तेव्हा ती काळीनिळी पडली होती. ती वाचली. आम्ही सुऱ्यानं कनात फाडली तेव्हा गर्दी सुटली. ती कनात मी बांधली होती, भाऊ. त्या रात्रीनंतर मी एकही कनात तारेनं बांधलेली नाही.

हिशेब असा मांडायचा. सपाट, उजेड असलेल्या एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला साधारण ८० माणसं जातात. दहा फुटी कमान म्हणजे तीन मीटर, म्हणजे मिनिटाला २४०. तीन हजार माणसं बाहेर पडायला साडेबारा मिनिटं, तीही सगळी शिस्तीत चालली तर. अंधार, कडेवर लेकरं, हातात चादरी, पायाखाली ढेकळं, हे धरलं की वेळ दुप्पट. मला आठ मिनिटांत मैदान रिकामं व्हायला हवं असतं, म्हणून तीन हजारांसाठी मी सगळ्या मिळून तीस फुटांहून कमी रुंदीच्या वाटा ठेवत नाही, आणि त्याही एका बाजूला नाही. एक पुढे, स्टेजच्या कडेनं, दोन मागे. येण्याची कमान एकच असली तरी चालेल, जाण्याच्या वाटा तीन हव्यात. प्रत्येक वाटेवर उजेड हवा आणि समोर पानठेला, आलूबोंड्याची गाडी किंवा मोटरसायकली नकोत. ठेलेवाल्यांना हाकलू नका, त्यांना दुपारीच चुन्यानं जागा आखून द्या, वाटेपासून पंचवीस-तीस फूट लांब. वाटेतला धुरा कुदळीनं फोडा, शेतमालकाला आधी विचारून, आणि दुसऱ्या दिवशी तो बांधून द्या. कनात सुतळीच्या सरकगाठीनं बांधा, एका झटक्यात सुटेल अशी, आणि दर चाळीस फुटांवर पांढरा कपडा लावून स्वयंसेवकांना दाखवून ठेवा की इथून उघडायची.

मंडईच्या दिवसांत हलका धान कापून झालेला असतो आणि पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, शेतातच उभे असतात. पुंजण्याला किंवा तणसीला, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाला, लागून मैदान घेऊ नका. थंडीत मागच्या बाजूला शेकोट्या पेटतात, बिड्या ओढल्या जातात. बसायला तणीस पसरायची काही गावांत पद्धत आहे, तीही ऑर्केस्ट्र्याच्या गर्दीत टाळा.

गर्दी किती दाट झाली की भ्यायचं, हे डोळ्यांनी ओळखता आलं पाहिजे. एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे साधारण एका खाटेच्या निम्म्या जागेत, दोन माणसं बसली तर आरामात बसतात. उभी तीन-चार चालतात. पाचाच्या वर गेली की माणसाचा स्वतःच्या पायांवर ताबा राहत नाही. धानाच्या उभ्या बांधीवरून वारा जातो आणि लोंब्या लाटेनं हलतात, तशी डोकी हलताना स्टेजवरून दिसली की गाणं त्या क्षणी थांबवायचं. कडवं संपायची वाट पाहायची नाही. अशा दाटीत माणसं पायाखाली तुडवून मरतात असं आपण समजतो, पण बरीच उभ्या उभ्या गुदमरतात, कारण छाती फुगायला जागा उरत नाही आणि तोंडातून आवाजही निघत नाही. म्हणून ओरडण्यावर विसंबून राहू नका, डोळे ठेवा.

विदर्भाला हे मी नव्यानं सांगायची गरज नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात ११४ गोवारी बांधवांचा जीव चेंगराचेंगरीत गेला, त्यात बाया आणि लेकरं जास्त होती. ताटकळलेली माणसं, पुढे अडसर, मागून रेटा, आणि त्यात लाठी. तो मोर्चा होता, तुमचा गाण्यांचा कार्यक्रम आहे. पण दाटलेल्या गर्दीला मारून मागे ढकललं की काय होतं, ते तिथं कायमचं लिहिलं गेलं आहे. कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात २५ नोव्हेंबर २०२३ ला तर गाण्याचाच कार्यक्रम होता, खुल्या सभागृहात. सुरू होण्याआधीच पाऊस, दाराशी झुंबड आणि खाली उतरणाऱ्या पायऱ्या, यात चौघांचा जीव गेला. म्हणून पाऊस आला तर कोण काय बोलणार, हे माझ्या निवेदकाच्या खिशात लिहिलेलं असतं. गाणं थांबवायचं, दिवे पूर्ण लावायचे, आणि "उजव्या हाताचे शाळेकडच्या वाटेनं, डाव्या हाताचे तळ्याकडच्या वाटेनं" असं गावातल्या खुणांनी सांगायचं. "शांतता राखा" म्हटल्यानं कुणाला वाट कळत नाही.

स्वयंसेवक शंभर माणसांमागे एक, म्हणजे तुम्हाला तीस. त्यातले निम्मे बचत गटाच्या बाया असू द्या. हा माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला आहे. बाई येऊन "बापू, खाली बस, मागं तुझी मावशी बसली आहे" म्हणाली तर पोरगा बसतो. तेच एखाद्या अनोळखी बाउन्सरनं खांद्याला धरून म्हटलं तर त्याच्या दोस्तांसमोर त्याचा पाणउतारा होतो आणि पाच जण उठतात. सगळ्यांना एका रंगाचे दुपट्टे द्या. त्यांची पाठ स्टेजकडे आणि तोंड लोकांकडे हवं. गाणी ऐकायचा मोह त्यांनाही होतो, तो स्वाभाविक आहे, म्हणून अर्ध्या-अर्ध्या कार्यक्रमाच्या दोन पाळ्या लावा. पाळी नसलेल्यांना पुढे जागा राखून द्या, मग ते मन लावून काम करतात. त्यातले दोघे फक्त लाइटच्या बोर्डाजवळ आणि जनरेटरजवळ, कुठंही न हलता.

आता लोकांच्या वागण्याचं. मी व्यवस्थेला दोष दिला, याचा अर्थ प्रेक्षकाचं काहीच चुकत नाही असा नाही. गायिकेकडे पाहून घाणेरडं ओरडणं हे कोणत्याही व्यवस्थेनं माफ होत नाही. ते पहिल्यांदा झालं त्याच क्षणी थांबवलं तर पुढे होत नाही, दहाव्यांदा थांबवायला गेलात तर भांडण होतं. कार्यक्रम थांबवायचा, दिवे लोकांवर लावायचे, आणि गावातल्या मान्य माणसानं, पोलीस पाटलानं किंवा एखाद्या जुन्या गुरुजीनं, नाव न घेता दोन वाक्यं बोलायची. ही आपल्या घरी आलेली लेक आहे, एवढं म्हटलं तरी मैदान खाली पाहतं. माइकवरून नाव घेऊन कुणाला झापू नका. तो माणूस दुसऱ्या दिवशीही त्याच गावात राहणार आहे. पिऊन आलेल्याला त्याच्याच टोलीतले दोघं बाजूला नेऊ देत, त्याच्या घरच्यांना कळवा आणि त्याला एकट्याला अंधारात सोडून येऊ नका.

मोबाइलचं मी एका तडजोडीवर आणलं आहे. पहिल्या गाण्याला हवं तेवढं चित्रण करा, बॅटऱ्या लावा, मग मोबाइल खिशात, असं निवेदक सुरुवातीलाच सांगतो. बहुतेक जण ऐकतात, कारण आधी दिलेलं असतं. फर्माइशी चिठ्ठीवर घ्या, स्वयंसेवकांकडून, आणि निवेदकानं त्यातल्या काही वाचून दाखवाव्यात. ओरडण्याचं निम्मं कारण तिथंच संपतं. स्टेजवर चढून नोटा उधळणं मात्र एकदाही चालू देऊ नका, मग तो देणगीदार असला तरी. एकाला चढू दिलं की दुसऱ्याला कोणत्या तोंडानं अडवाल? गाणी कोणती, कोणत्या क्रमानं, हेही वाद्यवृंदाच्या प्रमुखाशी आधी बसून ठरवा. सगळी नाचायची गाणी सलग लावली तर लोक नाचणारच. मी त्यांना सांगतो की तीन धांगडधिंग्यानंतर एक खंजिरी भजन किंवा जुनं शांत गाणं घ्या. मैदान आपसूक खाली बसतं, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

तर बाउन्सर किती? माझ्या हिशेबानं चार, आणि तेही कलाकारांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर आणि स्टेजच्या पायऱ्यांवर. गर्दीत एकही नको. वाचलेल्या पैशातून पहिल्यांदा मागचे दोन डबे आणि वाटांवरचे दिवे करा. मग लाइटच्या बोर्डाला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या, ओल्या बांधीत तार उघडी पडली तर तोच जीव वाचवतो. पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज देताना गर्दीचा आकडा कमी लिहू नका, खरा लिहा, त्यावर बंदोबस्त ठरतो. आरोग्य केंद्राला तारीख कळवा, १०८ ची गाडी कोणत्या रस्त्यानं आत येईल तो रस्ता ट्रॅक्टर-ट्रॉल्यांपासून मोकळा ठेवा, आणि आशाताईंना एका ठरावीक खांबाजवळ बसवा. हरवलेली लेकरंही त्याच खांबाजवळ आणायची, हे कार्यक्रमाआधी दोनदा माइकवर सांगा.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात नाही आणि तुमच्याही पूर्ण नाही. गेल्या वर्षी उठून गेलेल्या बाया यंदा येतील का? त्यांना नुसतं पोस्टर पुरणार नाही. मंडळाच्या दोघा-चौघांनी बचत गटाच्या बैठकीत जाऊन गेल्या वर्षीची चूक आमची होती असं सांगावं, त्यांना कुठं बसायला आवडेल ते विचारावं, आणि त्या म्हणतील तिथं बिछायत टाकावी. घरी परत जाताना रस्त्यावर दिवे हवेत, हे त्या बहुतेक पहिलं सांगतील.

तुमच्या मैदानाची लांबी-रुंदी, धुरे कुठं आहेत, रस्ता कोणत्या बाजूला, आणि ट्रान्सफॉर्मर किती लांब, एवढं कागदावर काढून इथं टाका. कमानी आणि डबे कुठं लावायचे ते मी त्याच चित्रावर खुणा करून देतो. खांब गाडायच्या आधी टाका, नंतर नाही.